साळुंकी पिते, राधी पीत नाही

नेकनूरच्या अलीकडं फाट्यावर जीपमधून उतरलं की आतल्या वस्तीपर्यंत चालत जावं लागतं. आजूबाजूला माळ, माळावर पवनचक्क्या आणि अंगाला बारा महिने झोंबणारा वारा. त्या वाऱ्यावरून आधी माझ्या केसरमावशीचा आवाज येतो, मग मावशी दिसते. "अवं राधाबाई, सरका की जरा. आमाला बी जागा लागती." राधाबाई म्हणजे तिची म्हैस. जनावरांशी मावशी अहो-जाहोनं बोलते आणि माणसांशी जेवढ्यास तेवढं. मी केजहून एवढी लांब गेले तरी माझं स्वागत असं व्हायचं : "आलीस? हातपाय धू. राधीची वैरन व्हायचीय."

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. माझ्या आजोळी मेंढरं होती, आणि लहानपणी मावशी त्यांच्यामागं अनवाणी सगळा माळ तुडवायची. शाळा तिला मानवली नाही, पण कुठलं जनावर लंगडतंय, कुठल्याचं पोट फुगलंय, हे तिला लांबूनच कळायचं. लग्न होऊन ती या वस्तीवर आली तेव्हा मेंढरं सुटली आणि म्हशी आल्या. आता वय साठीच्या पुढं, टाचांना भेगा, गुडघे बोलायला लागलेले. डॉक्टरनं अनवाणी चालायला बंदी केली म्हणून पायात जाड रबरी चपला. त्या चपलांचा तिला भारी राग. "पायाला जमीन कळत न्हाई," म्हणायची.

एका गोष्टीला मात्र ती भ्यायची, आणि ती म्हणजे वीज. मावशीच्या भाषेत तिचं नाव करंट. लहानपणी पावसात विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेला एक मेंढी घासली आणि जागच्या जागी आडवी झाली, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून करंट म्हणजे तारेत दबा धरून बसलेलं, कधी झडप घालील याचा नेम नसलेलं काहीतरी आहे, असं तिच्या मनानं घेतलेलं. घरात पंखा लावायचा तरी लाटण्याच्या टोकानं बटण दाबायची. धोंडीरामकाका, म्हणजे तिचा नवरा, हसायचे. मोठ्यानं नाही, मिशीतल्या मिशीत.

आणि अशा घरात सून आली ती वायरमन.

सायली वडवणीची. बीडच्या आयटीआयमध्ये तिनं वायरमनचा कोर्स केलेला. माझा मावसभाऊ बजरंग फाट्यावरून जीप चालवतो, त्याच्यासाठी ती सांगून आली. मुलगी बघायला मावशीबरोबर मीही गेले होते. पोहे झाले, बोलणं झालं आणि निघताना मावशी गोठ्याकडं वळली. सायली मागून आली आणि न सांगता वासराला बाजूला घेऊन तिनं वाट करून दिली. मावशीचं तिथंच ठरलं. पण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं सुनेला बजावलं, "हे बघ सायली, बाकी घर तुझं. पन बोर्डाला हात लावायचा न्हाई. तुला काय झालं तर तुझ्या आईला मी कंचं तोंड दावू?"

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. "बरं आत्या," सायली म्हणाली. तिची पक्कड, पेचकस आणि मोजायचं मीटर असलेली पेटी वडवणीला माहेरीच राहिली.

धोंडीरामकाकांनी गेल्या वर्षी नवा गोठा उभा केला. जुना गोठा कुडाचा होता, खाली माती आणि पाण्याला दगडी डोण. नव्याला त्यांनी लोखंडी अँगल रोवले, वर पत्रे टाकले, खाली सिमेंटचा कोबा केला आणि नेकनूरच्या वेल्डिंगवाल्याकडून जनावरांना पाणी प्यायला लोखंडी हौद करून आणला. हौद विटांच्या ओट्यावर बसवला आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून पट्टीनं शेजारच्या अँगलला आवळला. कडबाकुट्टीच्या मशीनला वीज हवी होती, तर त्याची केबलही त्यांनी स्वतःच पत्र्याखालून, अँगलच्या कडेकडेनं, बांधत नेली. काका तसे अबोल. पण गोठ्याचं काम झालं त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून त्यांनी चहा पाजला. मला म्हणाले, "मोहिनी, हौदाला हात लावून बघ. कुठं खरबरीत लागतंय का?"

वर्षभर सगळं ठीक चाललं. शिमगा झाला, ऊन चढायला लागलं, आणि एक दिवस राधीनं पाणी सोडलं.

तहान नव्हती असं नाही. ती हौदाकडं ओढ घेत जायची, मान खाली घालायची, नाक पाण्याला टेकवायची आणि चटका बसल्यासारखी मान मागं घ्यायची. मग हौदापुढं नुसती उभी. पुन्हा जीभ काढून पाणी चाखल्यासारखं करायची, पुन्हा मागं. शेजारची दुसरी म्हैसही तशीच करायला लागली. दूध कमी झालं. राधीचे डोळे खोल गेले.

मावशीनं आधी पाणी बदललं. मग हौद राखेनं घासला. मग दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या तेव्हा तडतड आवाज झाला, म्हणून नजर लागल्याची तिची खात्री झाली. तरी राधी पिईना. कुणी म्हणालं, बोअरचं पाणी मचूळ झालं असंल. तर समोरच हौदाच्या काठावर साळुंक्या बसलेल्या, चोची बुडवून बुडवून पाणी पीत होत्या. पाण्यात दोष असता तर पाखरं प्याली असती का? नेकनूरहून जनावरांचे डॉक्टर आले. भला माणूस. त्यांनी राधीचं तोंड उघडून पाहिलं, ताप मोजला, पोटाला कान लावला. "आजार काही दिसत नाही मावशी. पण पाणी पोटात गेलंच पाहिजे. बादलीनं पाजून बघा."

बादली पुढं केली तर राधीनं एका दमात रिकामी केली. तेच पाणी, त्याच हौदातून काढलेलं.

म्हणजे पाणी चांगलं, म्हैस चांगली, आणि वाईट कोण? तर हौद. मावशीनं हे मोठ्यानं बोलून दाखवलं आणि घरात वेगळंच दुखणं सुरू झालं. धोंडीरामकाका उठले आणि माळाकडं तोंड करून बसले. त्यांनी जेवताना भाकरी मागितली नाही, मावशीनं विचारली नाही. मधल्या मधे सायली दोघांना वाढत होती.

मावशी बादल्या ओढायला लागली. दोन म्हशी, वरून कडक ऊन. म्हशीला पाणी किती लागतं ते ज्याच्याकडं म्हैस आहे त्यालाच माहीत. बजरंग सकाळीच जीप घेऊन जायचा. सायली बादलीला हात लावायला गेली की मावशी म्हणायची, "ऱ्हाऊ दे, तुझ्या हातनं राधी पेत न्हाई." ते काही खरं नव्हतं. आपल्या म्हशीचं आपणच करावं, एवढंच त्यात होतं.

अशातच एका दुपारी वारं सुटलं आणि लाईट गेली. मावशी बादली घेऊन गोठ्यात आली, तर राधी हौदात तोंड घालून घटाघट पाणी पीत होती. मान वर करायला तयार नाही. मावशीच्या हातातली बादली खाली पडली. "अवं, या हिकडं! पेली! राधी पेली!" रुसवा विसरून तिनं काकांना हाक मारली. काका धावत आले. दोघं शेजारी शेजारी उभे राहून म्हशीचं पाणी पिणं पाहत होते, तेवढ्यात घरातून सायलीचा आवाज आला, "लाईट आली!" आणि त्याच घटकेला राधीनं झटक्यात मान वर केली. नाकावरून पाणी गळत होतं, आणि ती हौदापासून मागं सरली.

काका म्हणाले, "पोट भरलं असंल."

मावशी राधीच्या नाकावरचं पाणी पुसत राहिली. पण जनावराचं पोट भरल्यावर ते कसं मागं सरतं आणि भिऊन कसं मागं सरतं, हे तिला सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायलीपुढं जाऊन उभी राहिली. आवाज एवढा हळू की सायलीला आधी वाटलं, आत्याला बरं नाही. "सायली, ते मोठं बटन बंद करती का? सगळ्या घराचं?"

सायलीनं मेन स्विच बंद केला. राधी हौदाकडं गेली, नाक टेकवून थोडी थांबली आणि प्यायला लागली. "आता लाव," मावशी म्हणाली. सायलीनं स्विच वर केला. राधी मागं.

लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि सासूनं सुनेला पहिल्यांदाच बोर्डाला हात लावायला सांगितलं होतं. पण त्या वेळी दोघींपैकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. सायलीनं घरातला टेस्टर आणला आणि हौदाला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला नाही. पट्टीला लावला, अँगलला लावला. नाहीच.

"करंट नाही आत्या. टेस्टर लागत नाही."

"मग राधी खोटं बोलती का?"

सायलीला ते लागलं. टेस्टर सांगतो नाही, आणि सासू म्हशीचं खरं मानते. ती आत जाऊन पीठ मळायला बसली. मळता मळता तिला आयटीआयमधलं काहीतरी आठवलं असावं, कारण हात तसेच पिठाचे ठेवून ती बाहेर आली. "आत्या, टेस्टर थोडक्या व्होल्टेजला लागतच नाही. त्याला लई लागतंय. मला माझं मीटर पाहिजे."

बजरंगनं जीपची फेरी सोडली आणि वडवणीहून पेटी आणली. तो रविवार होता आणि मी तिथंच होते, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलेलं आहे.

मीटर म्हणजे हातात मावेल एवढं पिवळं यंत्र, त्याला दोन वायरी, एक लाल आणि एक काळी, दोन्हींच्या टोकाला सळई. सायलीनं म्हशी बाहेर बांधल्या, स्वतः रबरी चपला घातल्या आणि लाल टोक हौदाला लावलं, काळं अँगलला. शून्य. मग काळं पाण्यात बुडवलं. शून्य. काका लांबून म्हणाले, "बघा, हौदात काय बी न्हाई." त्यांचा चेहरा जरा उजळला. सायलीनं ओठ चावला. मग तिनं एक पोतं भिजवलं, म्हैस उभी राहते त्या ठिकाणी कोब्यावर पसरलं आणि काळं टोक त्या पोत्यावर दाबलं. लाल टोक हौदालाच.

आकडा हलला. नऊच्या आसपास जाऊन थरथरत राहिला.

"हाय!" सायली ओरडली. मग शिकलेल्या भाषेत म्हणाली, "आहे आत्या. नऊ व्होल्ट आहेत."

मावशी एकदम म्हणाली, "परवा चपला काडून मी पाय धूत होते, तवा हौदाला हात लागला तर मुंग्या आल्त्या. मला वाटलं बादल्या उचलून हात बधिर झाला." आणि तशीच पुन्हा बघू म्हणून वाकून चपलेला हात घातला.

"आत्या!" सायली अशी खेकसली की बाहेर बांधलेल्या म्हशीही दचकल्या. "चपला काढायच्या न्हाईत! हौदाला हात लावायचा न्हाई! कळतंय का?"

सून सासूवर ओरडली होती, आणि तेही नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, पाहुणीसमोर. सायलीचाच चेहरा उतरला. मावशीनं मात्र चपलेतला पाय नीट सरकवला आणि म्हणाली, "बरं. न्हाई काडत." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पन मला एक सांग. पान्यात नऊ व्होल्ट हायेत, असं म्हन की."

"तसं सांगता येत नाही. नुसत्या पाण्यात किती, असं नसतंच."

"मग मशीन काय दावतंय?"

"दोन जागांमधला फरक. एक टोक हिथं, एक तिथं. हौद आणि पाणी यांच्यात फरक नाही, म्हणून शून्य. हौद आणि जमीन यांच्यात आहे, म्हणून नऊ. एकच टोक लावलं तर मशीन मुकं."

मावशीनं डोळे बारीक केले. "म्हंजी, नेकनूर किती लांब हाय म्हनून कुनी इचारलं, तर आदी इचारावं लागतंय, कुठून?"

"तेच!" सायली म्हणाली. "अगदी तेच, आत्या."

पण मावशीचं एवढ्यानं भागलं नाही. म्हशीला काय होत होतं ते तिला मुळापासून पाहिजे होतं. सायली आत गेली आणि काकांची बॅटरी घेऊन आली. काका "अरं, ती मोडंल," म्हणेपर्यंत तिचा दिवा आणि सेल बाहेर निघाले होते. कडबाकुट्टीपाशी पडलेल्या वायरीचे दोन तुकडे तिनं सोलले आणि दिव्याला जोडले.

"हे बघा. सेलचं हे डोकं, हे बूड. हे दीड व्होल्ट लिहिलंय ना, ते डोक्यात नाही अन् बुडातही नाही. दोन्हींच्या मधला फरक आहे तो. एक वायर डोक्याला लावली. लागला का दिवा?"

"न्हाई."

"दुसरी बुडाला लावली."

दिवा मिणमिणता लागला. मावशीनं सेल आपल्या हातात मागून घेतला. लाटण्यानं बटण दाबणारी माझी मावशी बोटांनी सेल धरून बसली होती. "याला हात लावून चालतंय?" तिनं एकदा विचारून घेतलं. "ह्याला चालतंय. घरातल्या लाईटीला नाही," सायली म्हणाली. मग मावशीनं स्वतःच्या हातानं दोन्ही वायरी सेलच्या डोक्यालाच टेकवून पाहिल्या. दिवा विझला. एक बुडाला नेली. लागला. पुन्हा दोन्ही डोक्याला. विझला. लहान मुलीसारखं तिचं कितीतरी वेळ तेच चाललं. सायलीनं दुसरा सेल पहिल्याच्या डोक्यावर ठेवला आणि दिवा लख्ख झाला. "आता फरक दुप्पट झाला. फरक वाढला की जोर वाढला. जोर वाढला की दिव्यातून जास्त वाहतंय."

"अन् फरकच नसला की वाहायचं कावून, आसं."

"हां."

मावशीनं मान वर केली. हौदाच्या काठावर साळुंकी येऊन बसली होती, नेहमीसारखी. तिनं इकडं तिकडं पाहिलं, चोच बुडवली, मान वर करून घोट गिळला.

"सायली," मावशी म्हणाली, "ही बया कावून पिती ते मला कळलं गं."

आम्ही सगळे साळुंकीकडं बघायला लागलो.

"तिचे पाय हौदावर अन् तोंड पान्यात. हौदात अन् पान्यात फरक न्हाई म्हन्लीस ना? म्हंजी तिची दोनी टोकं सेलच्या डोक्याला. राधीचे पाय खाली जमिनीवर अन् तोंड पान्यात. तिच्यातनं वाहतंय. नाकातनं शिरतंय अन् पायातनं जातंय." ती बाहेर बांधलेल्या राधीकडं वळली. "मुकं जनावर किती दिवस सांगतंय, अन् मी दृष्ट काडत बसले."

"आणि बादली खाली कोब्यावरच असायची," सायली हळूच म्हणाली. "म्हणून तीतून प्यायची."

काका तोवर उठून गोठ्यात गेले होते. पत्र्याखाली उभे राहून ते आपण बांधलेल्या केबलकडं बघत होते. वाऱ्यानं पत्रा हलत होता. जिथं तो अँगलवर घासत होता तिथंच केबल दोन्हींच्या मध्ये सापडलेली होती. "मेन बंद कर सायली," ते म्हणाले.

वस्तीवरचा वायरमन रामकिसन याला बोलावलं. मेन बंद केल्यावर तो शिडी लावून चढला. केबलवरचं प्लॅस्टिक वर्षभर घासून घासून एका जागी कागदासारखं झालं होतं, तिथून वीज अँगलमध्ये झिरपत होती, आणि अँगलला आवळलेल्या पट्टीतून हौदात. गोठ्याला अर्थिंग नव्हतंच. रामकिसन खाली उतरला तो मान हलवत. "मी बी टेस्टरच लावला असता वैनी, अन् काय न्हाई म्हनून गेलो असतो." मग पत्र्याकडं बोट करून म्हणाला, "आता सुकं हाय म्हनून झिरपतंय. पावसात हितं पानी शिरलं असतं, तर नऊवर भागलं नसतं."

मावशीनं बाहेर जाऊन राधीच्या मानेवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

सायलीनं आणि रामकिसननं मिळून काम काढलं. नवी केबल पाईपमधून घेतली, पत्र्यापासून लांब. गोठ्यामागं खड्डा खणून मीठ आणि कोळसा घालून अर्थिंग केलं. वीज गळाली तर आपोआप पडणारं बटण मेनपाशी बसवलं. पण एवढ्यावर सायली थांबली नाही. म्हशी उभ्या राहतात तिथला कोबा फोडून खाली लोखंडी जाळी टाकायची आणि जाळी हौदाला जोडायची, असं तिचं म्हणणं. "म्हणजे उद्या कुठून काही आलंच, तर जमीन अन् हौद बरोबरीनं चढतील. पायात अन् तोंडात फरकच राहणार नाही."

कोबा म्हणजे काकांचा जीव. तो त्यांनी स्वतःच्या हातानं घोटून गुळगुळीत केला होता. सायलीला सासऱ्याला सांगायचा धीर होईना. तिनं मावशीला सांगितलं, मावशीनं काकांना. "तुमचा हौद बिनदोष हाय," एवढं तिनं आधी म्हणून घेतलं. काकांनी ऐकून घेतलं, आत गेले, पहार घेऊन आले आणि पहिला घाव स्वतः घातला. संध्याकाळी मावशीनं त्यांच्या पाठीला तेल चोळलं. दोघंही पुन्हा पहिल्यासारखे भांडायला लागले होते, म्हणजे घर ताळ्यावर आलं होतं.

राधी मात्र ताळ्यावर आली नाही. नवा कोबा वाळला, हौद भरला, मीटर कुठंही टेकवलं तरी शून्य दाखवायला लागलं, आणि राधी हौदापासून चार हात लांब थांबून राहिली. दुसरी म्हैस प्यायली. राधी नाही. यंत्रातले नऊ व्होल्ट गेले होते, पण तिच्या डोक्यातले जात नव्हते. बजरंग म्हणाला, एक दिवस बादली बंद करा, तहान लागली की पिईल झक मारत. मावशीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो चहा अर्धा टाकून जीपकडं गेला.

ती सायलीला घेऊन गोठ्यात आली. "लाव तुझं मशीन. एक टोक पान्यात, एक हितं कोब्यावर. पानी टाक हितं, वलं कर. लाईट चालू हाय ना?"

"चालू आहे. शून्य आहे आत्या."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. शून्य."

मावशीनं चपला काढल्या. सायलीनं या वेळी अडवलं नाही, पण तिचा हात मीटरवर घट्ट आवळला गेला. भेगाळलेल्या टाचा ओल्या कोब्यावर टेकवून मावशी हौदापाशी गेली. क्षणभर थांबली. तारेला चिकटून पडलेली ती मेंढी तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं आली होती, असं तिनं मला नंतर सांगितलं. मग तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले.

"या राधाबाई," ती म्हणाली. "हे बघा. माझे पाय बी जमिनीवर अन् हात बी पान्यात. काय व्हतंय का मला? आवो, आता बराबरी झालीय सगळ्याची. या."

राधी कान हलवत उभी होती. मावशीनं ओंजळभर पाणी तिच्या नाकापुढं धरलं. तिनं ते चाटलं. पुन्हा ओंजळ, थोडी मागं, हौदाच्या काठाजवळ. पुन्हा ओंजळ, काठाच्या आत. शेवटी मावशीचे हात पाण्यातच होते आणि राधीची जीभ त्या हातांवरून पाण्याला लागली. तिनं मान झटकन वर केली, सवयीनं. वाट पाहिली. काही झालं नाही. मग तिनं मान खाली घातली आणि पाणी ओढण्याचा जो आवाज आला तो काकांना बाहेर ओसरीवर ऐकू गेला.

सायलीची पेटी परत वडवणीला गेली नाही. वस्तीवर गोष्ट पसरली आणि तिला बोलावणी यायला लागली; कुणाच्या घरी भिंतीला हात लावला की झिणझिण्या, कुणाचा दिवा लागतोय पण मंद. बजरंगनं तिला स्कुटी घेऊन दिली. मावशी म्हणाली, एकटी पोर कुठं कुठं जाणार, आणि मागच्या सीटवर आडवी बसून तीही जायला लागली. कुणी विचारलं की सांगायची, "मी काळं टोक धरते."

गेल्या महिन्यात पलीकडच्या गावच्या कडूबाईंचा निरोप आला : म्हैस पाणी पीत नाही, सायलीला मशीन घेऊन पाठवा. दोघी गेल्या. मीही सुट्टीवर होते, बजरंगच्या जीपमधून मागोमाग गेले. कडूबाईंच्या अंगणात बरीच माणसं जमली होती. सायलीनं ओलं पोतं टाकलं, हौद मोजला, दावणीची साखळी मोजली, पत्र्याचा खांब मोजला. सगळीकडं शून्य. तिनं मेन बंद करून पाहिला. म्हैस तरी पिईना. लोक एकमेकांकडं बघायला लागले.

मावशी इतका वेळ काळं टोक धरून उभी होती. तिनं ते सायलीच्या हातात दिलं, म्हशीजवळ गेली, "तोंड दावा बरं वैनीसाब," म्हणत तिचा जबडा एका हातानं उघडला आणि दुसरा हात मनगटापर्यंत आत घातला. बाहेर आला तेव्हा चिमटीत बाभळीचा बोटभर काटा होता.

"व्होल्टेज न्हाई कडूबाई," ती म्हणाली. "काटा हाय. जिभंखाली गेलता. हळदीचं पानी लावा, अन् जखम चिघळली तर डाक्टरला दावा."

सायलीला हसू फुटलं, आणि ते आवरेना. ती कोब्यावरच बसली. मावशी हात धूत म्हणाली, "हसती काय? वायर गुंडाळ. कडूबाई च्या टाकतेत."

च्या झाला. कडूबाईंनी दोघींना कुंकू लावलं आणि पिशवीत शेवग्याच्या शेंगा घातल्या. उतरत्या उन्हात स्कुटी रस्त्याला लागली. मीटरची पेटी मावशीच्या मांडीवर होती, शेंगा वाऱ्यानं तिच्या तोंडावर येत होत्या, आणि एवढ्या वाऱ्यातही तिचं बोलणं मागून येणाऱ्या जीपपर्यंत ऐकू येत होतं. पाणी न पिणाऱ्या म्हशीचं आधी तोंड बघावं का आधी व्होल्टेज, यावर तिचा सायलीशी कडाक्याचा वाद चालला होता.